काटा स्थिर होईपर्यंत

बाबांना दाब कळायचा. माणसं फारशी कळायची नाहीत, बायकोचा रुसवा तर मुळीच नाही. पण बंद भांड्यात कोंडलेली वाफ केव्हा काय करील हे ते भिंतीपलीकडून सांगू शकत. चादरी आणि टॉवेल धुणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं बॉयलरवर काढली. समोर कोणी बोलत असलं तरी त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या दाबमापकावर असायची.

"लग्नातसुद्धा हे माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते," आई अजून सांगायची. "काटा दिसला की ह्यांना बायको दिसत नाही."

बॉयलरच्या खोलीत हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी एक नियम शिकवत. झडप उघडली की काटा उड्या मारतो. तेव्हाचा आकडा खोटा. काटा स्थिर झाल्याशिवाय वाचायचं नाही. ह्या नियमावर त्यांची नोकरी बिनअपघाताची गेली, आणि निवृत्त होऊन घरी बसल्यावर तोच नियम त्यांनी मुलीच्या खोलीत आणला.

मुलगी तिशी ओलांडलेली. स्नायूंचा आजार. शाळेत असताना जिन्यावर पाय अडखळायला लागले, मग जिना सुटला, मग चालणं सुटलं, मग डोक्यापर्यंत हात जाईना. बुद्धी मात्र तल्लख, आणि जीभ त्याहून. पलंगाला जोडलेल्या फळीवरच्या कॉम्प्युटरवरून ती लांबलांबच्या मुलांना गणित शिकवायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं मॅडम. शिकवायला हात लागत नाहीत, आवाज लागतो, असं ती म्हणायची. आणि आवाज होता तिच्याकडे, घंटेसारखा.

खोकणं हेही स्नायूंचंच काम आहे, हे घरातल्यांना मॅडमला खोकता येईनासं झालं तेव्हा समजलं. साधा कफ घशाखाली अडकायचा आणि वर यायचं नावच घ्यायचा नाही. तेव्हा तिला व्यायाम द्यायला येणारी फिजिओ एक यंत्र घेऊन आली. बुटाच्या खोक्याहून थोडं मोठं, पुढे जाड नळी, नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसणारा मास्क. यंत्र दाबाने छातीत हवा भरायचं आणि लगेच फिरून तितक्याच जोराने ती ओढून घ्यायचं. त्या ओढीबरोबर कफ वर यायचा. माणसाच्या वाटचं यंत्र खोकायचं, बस्स.

"दाबाचं काम आहे ना? मग हे माझ्याकडे," बाबा म्हणाले, आणि खरोखरच तेव्हापासून ते खातं त्यांचं झालं. मास्क धुणं, नळी वाळवणं, जाळी बदलणं, सगळं ते करत. आईला हातसुद्धा लावू देत नसत.

फिजिओने बेताचा दाब लावून दिला होता. "कमी पडतोय असं वाटलं तर मला फोन करा काका, आपण बघून वाढवू," असं तिने सांगितलं होतं. आकडा कसा बदलायचा तेही दाखवलं होतं, कारण काका यंत्रातले जाणकार. मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही.

त्या थंडीत कफ चिकट झाला, डिंकासारखा. मॅडमचा आवाज घोगरा यायला लागला, शिकवताना मध्येच थांबावं लागायचं, आणि पलीकडची मुलं विचारायची, मॅडम, नेट गेलं का? बाबांनी दोन-तीन दिवस बघितलं. ओल्या बाळंतिणीला कशाला त्रास द्यायचा, असंही त्यांच्या मनात आलं. नळी तुंबली की दाब थोडा चढवायचा, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी तो एका घराने चढवला. फरक पडला. आठवड्याने आणखी एका घराने. थंडी सरेपर्यंत आकडा चांगलाच वर गेला होता, आणि छाती अशी स्वच्छ की मॅडमचा आवाज पुन्हा शेजारच्यांना ऐकू जायला लागला.

"बाबा, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं," ती म्हणाली.

"मग बॉयलर कोणी चालवला असता? डॉक्टरांनी?"

बोटाला लावायचा चिमटा घरात होता. छोटीशी डबी, तिच्यावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा आणि नाडीचा आकडा. पण यंत्र चालू असताना मॅडमचं सगळं अंग हलायचं आणि चिमट्यावरचे आकडे नुसते नाचायचे. म्हणून बाबा यंत्र सुरू करण्याआधी तो काढून ठेवत. सगळं आटोपलं, मास्क बाजूला झाला, अंग शांत झालं, की मग लावत. काटा स्थिर झाल्यावर. तेव्हा आकडे चांगले असत. ते आईला मोठ्याने वाचून दाखवत आणि आईचा जीव भांड्यात पडे.

आणि यंत्रानंतर मॅडम झोपायची. ही नव्या दाबानंतरची गोष्ट. मास्क काढता काढता तिचे डोळे मिटायचे, मान एका बाजूला कलायची, ओठांचा रंग फिका व्हायचा. थोड्या वेळाने जागी व्हायची, जरा गोंधळलेली, मग आवाज लख्ख. घरात त्या झोपेचं नावच पडलं, यंत्राची झोप.

"लहानपणी पोटभर दूध प्यायली की अशीच झोपायची," आई म्हणायची, आणि तिच्या गळ्यापर्यंत चादर ओढायची. बाबा पंखा हळू करायचे. दोघं पावलं न वाजवता खोलीबाहेर यायची आणि स्वयंपाकघरात चहा घेत बसायची. दिवसातली तीच काय ती सुखाची वेळ.

फिजिओ रजा संपवून परत आली ती उन्हाळ्याच्या तोंडाला. आधीपेक्षा वाळलेली, डोळ्यांखाली काळं. मॅडमने तिला बघून म्हटलं, "अगं, पेशंट कोण आहे आपल्यात?"

"माझं बाळ झोपू देत नाही. तुझं काय, झोप लागते का?"

"बाबांच्या यंत्राने लागते. एकदम गोळी घातल्यासारखी."

फिजिओ हसली, पण तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिने यंत्राच्या पडद्यावरचा दाबाचा आकडा बघितला. "एकदा माझ्यासमोर लावा ना काका," एवढंच म्हणाली. आणि चिमटा उचलून मॅडमच्या बोटाला लावला.

"तो नंतर," बाबा म्हणाले. "आत्ता उड्या मारेल. खोटं दाखवेल."

"मारू दे. हात मी धरते."

तिने मॅडमचा हात स्वतःच्या दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून धरला. बाबांनी यंत्र सुरू केलं. हवा आत, हवा बाहेर. आत, बाहेर. आकडे नाचले, पण हात स्थिर होता, त्यामुळे नाच थोडा आणि आकडा जास्त दिसत होता. नाडी नव्वदीतून खाली यायला लागली. सत्तर. मध्येच एकदम वर, मग पुन्हा खाली. साठ. पन्नास. चाळिशीत येऊन ती एका जागी अशी थांबली की जणू पुढचा ठोका द्यायचा की नाही याचा विचार करत होती.

"बंद करा," फिजिओ म्हणाली. "काका, बंद!"

मास्क निघाला. मॅडमची मान कलली. आई सवयीने चादर ओढायला पुढे झाली, तिचा हात फिजिओने अडवला. पाय उंच केले, गालावर थापट्या मारल्या, नावाने हाका मारल्या. हळूहळू आकडा वर चढला. डोळे उघडले.

फिजिओने चिमटा बोटावर पुन्हा नीट बसवला.

"ही झोप नाहीये," फिजिओ म्हणाली. "ही शुद्ध हरपतेय तिची."

मॅडमने आईकडे बघितलं, मग बाबांकडे. तिला आधी समजलं नाही, मग समजलं. "म्हणजे मी रोज थोडी थोडी मरत होते," ती म्हणाली, तिच्या त्या स्वच्छ धुतलेल्या आवाजात, "आणि तुम्ही चादर पांघरून चहा प्यायला जात होतात."

ती हसली. तिला विनोदच करायचा होता. पण आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली, आणि बाबा यंत्राच्या पडद्याकडे बघत उभे राहिले.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी छातीवर जेल लावून हृदयाचं चित्र काढलं, दिवसभर कमरेला बांधून ठोके टिपायचं एक यंत्र दिलं, आणि सगळं हातात आल्यावर तिघांना समोर बसवलं. म्हणजे दोघांना, मॅडम चाकाच्या खुर्चीत होतीच.

"हृदय हाही स्नायूच," त्या म्हणाल्या. "जो आजार हातापायांना, तोच त्याला. ते सैल पडलंय, पसरलंय. आता यंत्राचं बघा. हवा भरते तेव्हा छातीत दाब वाढतो आणि अंगातून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. हृदयात रक्त आलंच नाही तर ते बाहेर काय फेकणार? मग यंत्र उलटं ओढतं, आणि अडलेलं रक्त लोंढ्याने येतं. धडधाकट हृदय हे झेलतं, त्याला पत्ताही लागत नाही. हिचं झेलू शकत नाही. ठोके चुकतात, मंदावतात."

बाबा पुढे झुकून ऐकत होते. त्यांना प्रत्येक शब्द समजत होता. समजला नसता तर बरं झालं असतं. "सेफ्टी व्हॉल्व्ह नसतो का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे माणसात."

"नसतो."

"मी चढवलेल्या दाबाने हृदय बिघडलं का?"

बाईंनी हृदयाचं चित्र पुन्हा एकदा बघितलं. "आजाराने बिघडत होतंच. तुमच्या दाबाने किती, ते मला सांगता येणार नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित थोडं."

हो म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं, असं बाबांना वाटलं. हो म्हटलं की माणूस निदान एका जागी उभा राहतो.

पेसमेकरचं आईने विचारलं. तो ठोका देईल, बाई म्हणाल्या, पण सैल पडलेल्या हृदयाला जोर कुठून देणार. तरी पुढे बघू. यंत्र बंद करायचं नव्हतं, कारण कफ साठला तर तोही तिला सोडणार नव्हता. दाब खूप खाली आणायचा, चार श्वास झाले की विसावा द्यायचा, चिमटा कधी काढायचा नाही.

"आणि एवढ्या दाबाने कफ निघाला नाही तर?" हे मॅडमने विचारलं.

"तर इथे या. घशात नळी घालून काढू."

"नळी मग निघेल परत?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुझ्याशी खोटं नाही बोलणार. बहुतेक नाही. मग गळ्याला भोक, कायमचं."

"आणि मी बोलणार कशाने?" मॅडम म्हणाली. "नको. हे मी आत्ता शुद्धीत असताना सांगतेय, तुम्ही तिघांनी ऐकलंय. आई, ऐकलंस ना? मान हलव."

आईने मान हलवली नाही. खुर्ची ढकलत बाहेर आल्यावर पोर्चमध्ये ती बाबांना म्हणाली, "अहो, तुम्ही ऐकलंत का?" बाबा म्हणाले, "ऐकलं." तेवढंच.

उन्हाळा बरा गेला. बाबा आता चिमट्याच्या आकड्याकडे बघत यंत्र चालवत. चार श्वास, विसावा, चार श्वास. कफ थोडा निघायचा, थोडा राहायचा. मॅडमचा आवाज पहिल्यासारखा राहिला नाही. ती एकेक वर्ग कमी करत गेली, आणि शेवटी दोन मुली राहिल्या. त्याही हुशार होत्या म्हणून, त्यांना कमी बोललेलं पुरायचं. संध्याकाळी बाबा तिच्या पलंगाशी बसत. पूर्वी दोघांत चेष्टामस्करी चालायची. आता ते तिच्याशी बोलायचे तेव्हा त्यांची नजर तिच्या बोटावर असायची.

"बाबा, मी इकडे वर आहे," ती म्हणायची. "बोट माझ्याशी बोलत नाही, तुमच्याशीही बोलणार नाही."

मग सर्दी आली. कोणाकडून ते शोधण्यात अर्थ नव्हता. आई एकदा शिंकली होती, तेवढ्यावरून ती स्वतःला खात बसली. पहिल्या दिवशी नाक गळलं. दुसऱ्या दिवसापासून छातीत घरघर. डॉक्टरीणबाईंची औषधं सुरू झाली. यंत्र दर थोड्या वेळाने लागत होतं आणि खालच्या दाबावर नुसतं फुसफुसत होतं. कफ वर येऊन घशाच्या तोंडाशी थांबायचा आणि परत खाली जायचा, विहिरीत दोर तुटलेल्या बादलीसारखा.

त्या दुपारी ऊन पडलं होतं. मॅडमचे ओठ निळसर दिसायला लागले. प्राणवायूचा आकडा पायरी पायरीने उतरत होता. बाबांनी फिजिओला फोन लावला आणि तो कानापासून जरा लांब धरला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"काका, गाडी बोलवा. घेऊन या."

"ती नाही म्हणते."

"विचारा पुन्हा."

मॅडमने डोळ्यांनीच नाही म्हटलं. मग शब्द जुळवायला लागली. एकेक शब्द पाण्याखालून यावा तसा. "जुना... आकडा... लावा."

"ऐकलंस?" बाबांनी फोनमध्ये विचारलं.

पलीकडे बाळ रडत होतं. "मी फोनवर हो म्हणू शकत नाही, काका," फिजिओ म्हणाली. "पण माझ्याच्याने नाहीसुद्धा म्हणवत नाही. मी निघते इकडून." पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"लावू नका," आई म्हणाली. आणि लगेच, "लावा हो. तिला श्वास नाहीये, लावा काहीतरी." आणि मग भिंतीकडे तोंड करून, "मला विचारू नका."

बाबांनी आकडा चढवला. पूर्ण जुन्या जागी नेला नाही, एक घर अलीकडे थांबले. मॅडमने बघितलं. "बाबा," ती म्हणाली. त्यांनी ते एक घरही चढवलं.

आईने हात धरला, घट्ट, फिजिओने धरला होता तसा. मास्क बसला. हवा आत. ओढ. आत. ओढ. तिसऱ्या ओढीला छातीच्या तळातून काहीतरी सुटल्याचा आवाज आला, ओला, जड, आणि बाबांनी मास्क बाजूला करून ते पुसून घेतलं. हिरवट, रबरासारखा गठ्ठा. मॅडमने श्वास घेतला. पूर्ण श्वास. असा श्वास तिने कित्येक दिवसांत घेतला नव्हता.

"हां," ती म्हणाली. आणि मग घंटेसारख्या आवाजात, "आई, चादर नको हां मात्र."

नाडीचा आकडा तोवर उतरायला लागला होता. बाबा बघत होते. सत्तर, साठ, मग एकदम नव्वद, मग पंचेचाळीस. डोळे मिटले. मान कलली. आईने पाय उचलून धरले, गालावर हात मारले, हाका मारल्या, लहानपणच्या सगळ्या नावांनी. आकडा पस्तीसवर येऊन एका जागी थांबला.

बाबांनी उभी हयात काटा थांबायची वाट बघितली होती. तो थांबू नये असं त्यांना आज पहिल्यांदा वाटलं, आणि त्यांच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. "हल," ते त्या डबीला म्हणत होते. "हल ना. हल."

हलला. अडतीस, चाळीस. खूप वेळाने पन्नास. मॅडमने डोळे उघडले नाहीत; पण श्वास चालू होता, आणि ओठांचा निळेपणा थोडा उतरला होता. आई पाय धरून तशीच उभी राहिली.

बाबांनी मास्क उचलला. नळाखाली नेऊन धुतला, साबणाने, कडेच्या रबरासकट, रोजच्यासारखा, कारण तो पुन्हा लागणार होता. कपड्याने पुसला. परत येऊन पलंगाशी बसले. उन्हाचा चौकोन भिंतीवरून पलंगाच्या पायथ्याशी आला होता. खाली रस्त्यावरून फिजिओची गाडी येतेय का म्हणून आई कान देऊन होती.

मॅडमचा श्वास आत जात होता, बाहेर येत होता. बाबा आकडा बघत होते. तो पन्नाशीत डळमळत होता. आणि मग तिच्या गळ्याच्या खाली, खोल, अगदी बारीक, घरघर पुन्हा सुरू झाली.

आईने ती ऐकली. तिने बाबांकडे बघितलं. यंत्र त्यांच्या हाताशी होतं.

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा आकड्यावरून नजर काढली आणि मुलीच्या तोंडाकडे बघत बसले.